पाखरं पाहू या, वहीत लिहू या

विद्यार्थी मित्रांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

छंद नाना प्रकारचे असतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, तर कोणी काड्यापेटीचे छाप. हे सगळे छंद चांगलेच. पण त्यांना काहीतरी मिळवावे लागते, कधी पैसेही पडतात. आज आम्ही ज्या छंदाविषयी लिहिणार आहोत, त्याला दमडी लागत नाही. जे जमवायचे ते रोज आपल्या डोक्यावरून उडत जाते. हा छंद म्हणजे पक्षिनिरीक्षण. सोप्या भाषेत सांगायचे तर पाखरं पाहणं.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय पाहायचं? कावळा-चिमणी कोणाला ठाऊक नाही?" बरे तर मग, एवढे सांगा. चिमणा कोणता आणि चिमणी कोणती, हे कशावरून ओळखायचे? सुगरणीचा खोपा नर बांधतो की मादी? टिटवी अंडी कुठे घालते? उत्तर अडले, तर समजावे की ही पाखरं आपल्या डोळ्यांपुढून गेली, पण आपण ती नीट पाहिलीच नाहीत.

साहित्य काय लागते?

दोन डोळे, दोन कान, एक वही आणि एक पेन्सिल. दुर्बीण मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी अडत नाही. याशिवाय एक गोष्ट लागते, ती दुकानात मिळत नाही. ती म्हणजे धीर.

वेळ सकाळची, सूर्य उगवल्यापासून दोन तास. तेव्हा पाखरं भुकेली असतात आणि खूप हालचाल करतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावरची वेळही चांगली. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे घालावेत, लालभडक किंवा पांढरेशुभ्र नकोत. सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा, म्हणजे पाखराचा रंग नीट दिसतो. समोर ऊन असेल तर पोपटसुद्धा काळा दिसतो! बोलणे हळू, चालणे हळू. बोट दाखवताना हात एकदम वर करू नये. मोबाइलवर पाखराचा आवाज लावून त्याला बोलावू नये. आपल्या जागेत दुसरा कोणी आला असे समजून ते बिचारे खाणेपिणे सोडून भांडायला येते.

ओळखायचे कसे?

अनोळखी पाखरू दिसले की लगेच नाव विचारू नका. आधी पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.

१) आकार केवढा? आपल्याकडे चार मापे आहेत: चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार. "साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान" एवढे लिहिले तरी अर्धे काम झाले.

२) चोच कशी? चोच म्हणजे पाखराचे हत्यार. चिमणीची जाड आणि आखूड, दाणे फोडायला. शिंजिराची बारीक आणि वाकडी, फुलातला मध प्यायला. घारीची आकडेबाज, मांस फाडायला. बगळ्याची भाल्यासारखी, मासा टिपायला.

३) पाय आणि शेपटी कशी? धोबी पक्षी शेपटी सारखी खालीवर आपटतो, जणू दगडावर धुणे धुतोय. कोतवालाच्या शेपटीला दोन फाटे असतात.

४) कुठे होता आणि काय करत होता?

५) आवाज कसा होता? जसा ऐकू आला तसा अक्षरांत लिहावा. पावशाचे "पेर्ते व्हा" आपल्या पूर्वजांनी असेच ऐकून ठरवले आहे.

एवढे लिहिले की मग गुरुजींना विचारा, पुस्तकात पाहा, नाहीतर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. मेंढरे राखणाऱ्या बाबाला जेवढी पाखरं माहीत असतात, तेवढी पुष्कळ शिकल्यासवरलेल्यांनाही नसतात.

आपल्या शिवारातल्या गमती

आपला सिन्नर तालुका पर्जन्यछायेचा. पाऊस कमी, माळरान जास्त. पण पाखरांच्या बाबतीत आपण गरीब नाही. माळावर चंडोल, तित्तर आणि लावे. बांधावरच्या बाभळीवर खाटीक आणि वेडा राघू. देवनदीच्या पाण्यात ढोकरी. तारेवर कोतवाल आणि नीलकंठ. जुन्या दगडी बांधकामाच्या कपारीत पारवे, पोपट आणि पिंगळे राहतात. गोंदेश्वराच्या देवळाला जाल तेव्हा कोरीव काम तर पाहाच, पण कपारींकडेही नजर टाका.

आता थोड्या गमती सांगतो.

सुगरण: विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारे खोपे तुम्ही पाहिले असतील. नाव सुगरण, पण विणकाम करतो तो नर! पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या धाग्यांनी अर्धा खोपा विणतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी आत शिरून खोपा तपासते. पसंत पडला तर संसार, नाहीतर ती चालली दुसरीकडे. पसंती मिळाल्यावर नर खोपा पुरा करतो आणि पुन्हा दुसरा खोपा विणायला घेतो. हे सारे डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी कितीतरी दिवस बसून पाहिले आणि लिहून काढले. सुगरण तर त्यांच्या आधीही सगळे जण बघतच होते.

टिटवी: ही झाडावर घरटे करत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग थेट खड्यांसारखा, त्यामुळे पायाशी असली तरी दिसत नाहीत. उन्हाळ्यात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि तापलेली अंडी गार करते. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होणार असे म्हणतात. खरे तर ती आपल्यालाच सांगत असते, "बाबांनो, जपून पाय टाका, इथं माझी पिल्लं आहेत."

खंड्या: निळ्या पाठीचा, तपकिरी डोक्याचा, लांब लाल चोचीचा. हा फक्त मासेच खातो असे पुष्कळांना वाटते. पण तो पाण्यापासून लांब, मक्याच्या शेतातही दिसतो. तिथे तो नाकतोडे आणि सरडे मटकावतो.

खाटीक: नावाप्रमाणेच काम. पकडलेला नाकतोडा किंवा सरडा बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीने खातो.

सातभाई: मातकट रंगाची ही मंडळी नेहमी टोळीने असतात. ते एकदम कलकलाट करू लागले की समजावे, खाली काहीतरी आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गातली मुले गुरुजींबरोबर बांधावरून चालली होती. सातभाईंनी असाच गलका केला. आम्ही जागच्या जागी थांबलो. पाहतो तर दहा-बारा पावलांवर चांगली लांबलचक धामण बांध ओलांडत होती. ती शांतपणे बिळात गेली, सातभाई गप्प झाले आणि आमची पावले पुन्हा पडू लागली. त्या दिवसापासून आमच्या वर्गात सातभाईंना "रानातले राखणदार" म्हणतात. याच सातभाईंच्या घरट्यात चातक आणि पावशा गुपचूप अंडी घालतात. मग हे भोळे सातभाई परक्याची पोरे आपली समजून वाढवतात!

पाखरं पाहायला रानातच जावे लागते असेही नाही. ओट्यावर विड्या वळत बसलेल्या आजीच्या समोर दिवसभरात चिमण्या, साळुंक्या, कावळे, होले, बुलबुल असे कितीतरी येऊन जातात. आजीला विचारून पाहा. काळ्या गळपट्टीचा तो चिमणा आणि बिनपट्टीची ती चिमणी, हे ती सुपारी कातरता कातरता सांगेल.

नांदूर मध्यमेश्वर

आपल्या तालुक्यातले नांदूर शिंगोटे वेगळे आणि हे नांदूर मध्यमेश्वर वेगळे. हे आपल्या शेजारच्या निफाड तालुक्यात आहे. तिथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात बंधारा बांधला गेला. हेतू शेतीचा होता. पाणी अडवायचे आणि कालव्यांनी खालच्या कोरड्या भागाला द्यायचे.

पुढे काय झाले? नद्यांनी दरवर्षी गाळ आणला. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्येमध्ये बेटे तयार झाली. काठावर पाणगवत माजले, बाभळी वाढल्या. माणसाच्या दृष्टीने गाळ म्हणजे तोटा. पण पाखरांच्या दृष्टीने ते वाढलेले ताट होते! उथळ पाण्यात लांब पायांच्या पक्ष्यांना उभे राहता येते. चिखलात किडे, गोगलगायी आणि शिंपले मिळतात. बेटांवर कुत्र्या-मांजरांची भीती कमी. पाखरं येऊ लागली ती येतच राहिली.

१९८६ साली सरकारने ही जागा पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केली. लोक तिला "महाराष्ट्राचे भरतपूर" म्हणतात. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची एक यादी आहे, तिला रामसर यादी म्हणतात. या यादीत नांदूर मध्यमेश्वरचे नाव लागल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेली ही पहिलीच जागा. आपल्या नाशिक जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

तिथे काय पाहाल? हळदी-कुंकू बदक, याच्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपका आणि टोकाला पिवळा रंग असतो. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा दिसणारा वारकरी. जांभळी पाणकोंबडी. लालचुटूक लांब पायांचा शेकाट्या. चमच्यासारख्या चोचीचा चमचा. पाण्यावरच्या पानांवरून तुरुतुरु चालणारा कमळपक्षी, याची बोटे इतकी लांब असतात की पान बुडत नाही. कमळपक्ष्यात अंडी उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम बाबांकडे असते, हेही घरी जाऊन सांगा!

तिथे जायचे तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला, कारण तेव्हा पाहुणे आलेले असतात.

दूरदेशीचे पाहुणे

हिवाळ्यात उत्तरेकडच्या थंड मुलखात तळी गोठतात. बर्फाखाली गेलेले अन्न मिळत नाही. म्हणून तिकडची पाखरं दक्षिणेकडे निघतात. सायबेरिया, मध्य आशिया, तिबेट, लडाख अशा दूरच्या ठिकाणांहून बदके, पाणलावे आणि धोबी आपल्याकडे येतात. नांदूरला थापट्या, तलवार बदक, चक्रवाक आणि उंच मानेचे क्रौंच दिसतात. त्यांच्याजवळ ना नकाशा, ना घड्याळ, ना भाकरीचे गाठोडे. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या साहाय्याने ती वाट काढतात.

ती कुठून आली हे कसे कळते? शास्त्रज्ञ काही पाखरांना अलगद पकडतात आणि पायात हलके वाळे घालून सोडून देतात. वाळ्यावर क्रमांक असतो. तेच पाखरू दुसऱ्या देशात सापडले की त्याचा प्रवास कळतो. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था आपल्या देशात हे काम करते. मंगोलियात गळ्यात पट्टा घातलेले पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून भारतात आलेले अशाच खुणांवरून ओळखले गेले.

सगळे पाहुणे पाण्यावरच उतरतात असे नाही. ज्वारी-बाजरीवर थव्याने येणाऱ्या गुलाबी भोरड्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या आहेत. त्यांना हाकलायला माळ्यावर चढून गोफण फिरवावी लागते. याच भोरड्या मध्य आशियात पिल्लांना टोळ खाऊ घालतात. चीनमधल्या शिंच्यांग प्रांतात तर टोळांचा नाश व्हावा म्हणून लोकांनी त्यांच्यासाठी मुद्दाम घरट्याच्या जागा बांधून दिल्या. एकच पाखरू एका मुलखात पिकाचे चोर आणि दुसऱ्या मुलखात पिकाचे राखणदार!

वहीची किंमत

आता सर्वांत महत्त्वाचे. नुसते पाहून थांबू नये, लिहून ठेवावे. का ते ऐका.

आम्ही गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले, "गिधाडं कधी पाहिली होती का?" सगळ्यांनी पाहिली होती. ७२ च्या दुष्काळात ढोरे मेली, तेव्हा गावाबाहेर गिधाडांचे थवेच्या थवे उतरायचे, असे एका आजोबांनी सांगितले. मग आम्ही विचारले, "शेवटचं गिधाड कोणत्या साली दिसलं?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येकाने वेगळे साल सांगितले. एवढे मोठे पाखरू गावच्या आभाळातून नाहीसे झाले, पण त्याची तारीख कोणाच्याच वहीत नाही.

मग देशाला हे कळले कसे? भरतपूरच्या अभयारण्यात डॉ. विभू प्रकाश या शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात गिधाडे मोजून नोंदी ठेवल्या होत्या. १९९६ नंतर त्यांनी पुन्हा मोजणी केली आणि जुन्या आकड्यांशी ताडून पाहिली. गिधाडे झपाट्याने घटली होती. जुनी वही होती म्हणून फरक दिसला आणि फरक दिसला म्हणून शोध सुरू झाला. २००४ साली कारण सापडले. गुराढोरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत असत. असे गुरू मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त थोड्याच वर्षांत गेली. २००६ साली सरकारने हे औषध जनावरांसाठी बंद केले. आपल्या जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांकडे आजही गिधाडे आहेत, पण आजोबांनी पाहिलेले थवे परत आले नाहीत.

मित्रांनो, म्हणून वही. आज आपल्याला वाटते, साळुंकी काय, होला काय, नेहमीचेच आहेत. आजोबांनाही गिधाडे नेहमीचीच वाटत होती.

वहीत एक ओळ अशी लिहावी: तारीख, वेळ, जागा, हवामान, पाखरू, संख्या, काय करत होते. उदाहरणार्थ: "१२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०, शाळेमागची विहीर, थंडी, खंड्या, १, तारेवरून झेप घेऊन नाकतोडा पकडला." एवढीच ओळ. पण वर्षभर रोज एक ओळ लिहिली तर ३६५ ओळी होतात. थेंबे थेंबे तळे साचे. न पाहिलेले लिहू नये, आणि खात्री नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह काढावे. यात लाजायचे काही नाही.

सुरुवात करायला उत्तम मुहूर्त ५ ते १२ नोव्हेंबर. २०२० पासून महाराष्ट्रात हा आठवडा "पक्षी सप्ताह" म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यात आयुष्य घालवून पाखरांवर मराठीत भरभरून लिहिणाऱ्या मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म १९३२ चा, आणि २०२५ साली ते आपल्यातून गेले. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस, साल १८९६. लहानपणी सालिम यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याशी पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या त्याच नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे त्यांना पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले गेले, आणि त्या मुलाचे सारे आयुष्यच बदलले. एका "हे काय आहे?" या प्रश्नातून भारताला थोर पक्षितज्ज्ञ मिळाला.

एवढे करू या, एवढे टाळू या

१) बेचकीने पाखरं मारू नयेत. नेम धरायचाच असेल तर पत्र्याच्या डब्यावर धरावा.

२) घरट्याला हात लावू नये, अंडी-पिल्ले पाहायला फांदी वाकवू नये. आपण गेल्यावर कावळा त्याच वाटेने येतो.

३) संक्रांतीला पतंग जरूर उडवावा, पण नायलॉनचा मांजा नको. त्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे. तो कुजत नाही, महिनोन्‌महिने झाडाला लटकत राहतो आणि पाखरांचे पंख व गळे कापतो. संक्रांत जानेवारीत येते, आणि नेमके तेव्हाच दूरदेशीचे पाहुणे आपल्याकडे असतात. साधा सुती दोरा वापरावा आणि झाडात अडकलेला दोरा मोठ्या माणसांकडून काढून घ्यावा.

४) पोपट पिंजऱ्यात पाळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

५) उन्हाळ्यात सावलीत पसरट परळात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे.

पालकांना विनंती

मुले सकाळी बांधावर उभी राहून आभाळाकडे पाहत असतील, तर "काय रिकामा उद्योग चाललाय?" असे म्हणू नका. ती अभ्यासच करत आहेत. मोजणे, लिहिणे, तुलना करणे, वाट पाहणे हे सगळे त्यात आले. शिवाय पाखरं आपली बिनपगारी गडी आहेत. गव्हाणी घुबड रात्री शेतातले उंदीर खाते. त्याला अपशकुनी म्हणून दगड मारणे म्हणजे आपल्याच कणगीला भोक पाडणे. कोतवाल आणि गायबगळे पिकातले किडे टिपतात. तुम्ही लहानपणी पाहिलेली आणि आता न दिसणारी पाखरं मुलांना सांगा. जमल्यास साल आठवून सांगा.

ओळखा पाहू

१) नाव स्त्रीचे, पण घर बांधतो पुरुष. कोण?
२) पंढरीला जात नाही, तरी वारकरी. कोण?
३) दुकान नाही, तरी काट्याला मांस टांगतो. कोण?
४) चोचीवर हळद-कुंकू, पण देवळात जात नाही. कोण?

उत्तरे वरच्या मजकुरातच आहेत, शोधा.

या भित्तिपत्रकाखाली सुतळीने एक वही टांगली आहे, सोबत पेन्सिलही आहे. आज सकाळी शाळेत येताना तुम्हाला जे पाखरू दिसले, ते तारीख आणि जागा घालून तिच्यात लिहा. पालकांनीही लिहावे. पान भरले की पुढचे पान उलटा.